वैमानिकांचा अभ्यासगट : जमिनीवर एकत्र बसून हवेतली सुरक्षितता शिकता येते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे, नेरूळ आणि खारघर परिसरात राहणारे सात-आठ तरुण वैमानिक दर रविवारी वाशीत एकाच्या घरी जमतात. काहींच्या हाती व्यावसायिक परवाना आलेला आहे आणि ते टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेच्या) किंवा नोकरीच्या प्रतीक्षेत आहेत, तर काहींचे परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे दोनशे तास अजून पूर्ण व्हायचे आहेत. आतापर्यंत त्यांचा बहुतेक वेळ डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षांची क्वेश्चन बँक सोडवण्यात आणि उरलेला गप्पांमध्ये गेला. आता त्यांना असे वाटते की एकत्र येण्याचा उपयोग प्रत्यक्ष उड्डाण अधिक सुरक्षित आणि अधिक सफाईदार होण्यासाठी व्हावा, आणि त्यासाठी नेमके काय करावे हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी अनेक वर्षे इन्स्ट्रक्टर म्हणून विद्यार्थ्यांना उड्डाण शिकवले असून आता ठाण्यात राहतो, आणि हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

होय, जमिनीवर बसून बरेच काही शिकता येते, मात्र गटाने उत्तरांचा नव्हे तर निर्णयांचा अभ्यास करायला हवा. क्वेश्चन बँक परीक्षेसाठी लागतेच, कारण 70 टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण तो अभ्यास ज्याने त्याने आपापल्या घरी करावा. परीक्षेत प्रश्न कोणीतरी आधी तयार करून, चार पर्यायांसह समोर ठेवलेला असतो. हवेत मात्र आपल्यासमोर प्रश्न उभा राहिला आहे हेच आधी ओळखावे लागते, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात ते वेळेवर न ओळखण्यातून होते. हे ओळखण्याची सवय एकट्याने लागणे कठीण असते. ती दुसऱ्याचे अनुभव नीट ऐकून आणि आपले अनुभव नीट सांगून लागते.

अनुभव सांगण्याचे महत्त्व किती, हे पाहायचे असेल तर 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ झालेला अपघात अभ्यासावा. टीडब्ल्यूए कंपनीचे 514 क्रमांकाचे बोइंग 727 विमान डलेस विमानतळाकडे येत असताना डोंगरावर आदळले आणि विमानातील सर्व 92 जणांचा मृत्यू झाला. अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची, परवानगी मिळाली म्हणजे लगेच नकाशावरच्या पुढच्या टप्प्याच्या उंचीपर्यंत खाली येता येते, असा वैमानिकांचा समज झाला होता; प्रत्यक्षात त्या टप्प्यापर्यंत मध्ये डोंगर होता. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीच्या एका विमानाच्या बाबतीत याच ठिकाणी हाच गैरसमज झाला होता आणि ते विमान थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती माहिती शेजारच्या कंपनीपर्यंत पोहोचली नाही. या अपघातानंतर 1976 मध्ये अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली अशी यंत्रणा सुरू झाली की जिथे कोणताही वैमानिक आपल्या हातून घडलेली चूक ओळख गुप्त ठेवून कळवू शकतो आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध होते.

तुमच्या गटाकडे याच कारणाने एक मोठे धन आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत फ्लाइंग स्कूल नसल्यामुळे इथली मुले बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया अशा निरनिराळ्या ठिकाणी शिकायला जातात, काही परदेशातही जातात. जुहूच्या जुन्या मुंबई फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षणही धुळ्याला गेले. त्यामुळे रविवारी एका खोलीत बसलेल्या सात जणांकडे चार-पाच वेगवेगळ्या धावपट्ट्यांचा, इन्स्ट्रक्टरांचा आणि पद्धतींचा अनुभव असतो. एका शाळेत सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट, उदाहरणार्थ अमुक दिशेच्या वाऱ्यात फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात) अमुक ठिकाणी विमान खाली ओढले जाते, दुसऱ्या शाळेतल्या विद्यार्थ्याने कधी ऐकलेलीही नसते. ही देवाणघेवाण तुमच्या बैठकीत झाली नाही तर दुसरीकडे कुठे होणार आहे?

पण ती होण्यासाठी सांगणाऱ्याला भीती वाटता कामा नये. म्हणून पहिल्याच दिवशी काही गोष्टी उघडपणे ठरवून टाका : बैठकीत सांगितलेले बाहेर जाणार नाही, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले जाणार नाही, ध्वनिमुद्रण होणार नाही, आणि कुणाच्या अनुभवावरून त्याच्या लायकीचे माप काढले जाणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघात तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा सांगितला आहे; दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. ज्या तत्त्वावर जगभरचे तपास चालतात ते सात मित्रांच्या बैठकीला लागू करायला काहीच हरकत नसावी. त्याच वेळी हेही स्पष्ट असावे की जी घटना नियमानुसार कळवणे बंधनकारक आहे, ती आपल्या संस्थेला आणि डीजीसीएला कळवलीच पाहिजे. अभ्यासगट ही गोष्टी लपवण्याची जागा नव्हे, आणि जो गट तशी जागा बनतो तो सुरक्षिततेचे नुकसानच करतो.

प्रश्न कसे विचारावेत यावर मी थोडा अधिक वेळ घालवतो, कारण बहुतेक गट इथेच फसतात. अशाच एका गटातल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. मे महिन्यातल्या दुपारी तो पठारावरच्या एका धावपट्टीवरून सोलो क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे एकट्याने दूरच्या ठिकाणी जाऊन येण्याच्या उड्डाणावर, निघाला. परतीच्या वाटेवर समोर ढग उभे राहू लागले, पण विमानासाठी पुढचा विद्यार्थी वाट पाहत असणार म्हणून तो तसाच पुढे आला आणि ढगांच्या कडेने, पावसाच्या पहिल्या सरींमधून, कसाबसा उतरला. त्याने हे सांगितल्यावर खोलीतला पहिला प्रश्न असा आला, ‘‘अरे, मग परत का नाही फिरलास?’’ हा प्रश्न वरवर सरळ दिसतो, पण त्याला एकच उत्तर असते, आणि ते म्हणजे खाली घातलेली मान. तिथे बसलेल्या एका मुलीने मात्र वेगळे विचारले : ढग पहिल्यांदा कधी दिसले, त्या वेळी घड्याळात किती वाजले होते, टाकीत किती इंधन होते, डाव्या-उजव्या बाजूला सर्वांत जवळची धावपट्टी कोणती होती, आणि परत फिरण्याचा विचार मनात पहिल्यांदा केव्हा आला. उत्तरे देता देता त्याच्या स्वतःच्या लक्षात आले की तो विचार प्रत्यक्ष पाऊस लागण्याच्या वीस मिनिटे आधी आला होता. त्या वेळी परत फिरणे सोपे होते, पण नेमके कशावरून फिरायचे हे आधी ठरलेले नव्हते, म्हणून प्रत्येक पाच मिनिटांनी त्याने स्वतःला आणखी पाच मिनिटे दिली.

त्या दिवसापासून त्या मुलांनी फ्लाइट लॉगमध्ये (उड्डाणाच्या नियोजनाच्या तक्त्यात) एक रकाना वाढवला. वाटेतल्या प्रत्येक चेकपॉइंटसमोर (ठरलेल्या खुणेसमोर), निघण्यापूर्वी, जमिनीवर बसून ते लिहितात की इथे अमुक वाजण्याच्या आत पोहोचलो नाही, किंवा ढगांचा तळ अमुक उंचीच्या खाली आला, किंवा इंधन अमुकपेक्षा कमी राहिले, तर मी परत फिरेन किंवा अमुक धावपट्टीवर उतरेन. निर्णय शांत डोक्याने आधीच घेतला गेल्यामुळे हवेत फक्त तो अमलात आणायचा उरतो. असा एक रकाना एका बैठकीतून निघाला तर ती बैठक सार्थकी लागली असे मी मानतो.

आता ज्येष्ठ-कनिष्ठ नात्याचा विषय. माझ्या मते आपल्या समाजात वैमानिकांनी एकत्र येऊन शिकण्यासारखा याहून मोठा विषय नाही. 22 मे 2010 रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग 737 विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. केवळ आठ जण वाचले. चौकशीत निष्पन्न झाले की अप्रोच स्थिर नव्हता, सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास, तीनदा सांगितले होते आणि यंत्राचे इशारेही वाजत होते, तरी मुख्य वैमानिकाने उतरणे थांबवले नाही. दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 रोजी, कोझिकोडला त्याच कंपनीचे 737 विमान पावसात, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात उतरले. धावपट्टी 8,858 फूट लांब होती आणि चाके टेकली ती 4,438 फुटांवर, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे टाकून. 21 जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. इथेही सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना दिली होती. तपास अहवालात संभाव्य कारण सांगताना दोन गोष्टी एकत्र मांडल्या आहेत : मुख्य वैमानिकाने ती सूचना न मानता उतरणे सुरू ठेवले, आणि सहवैमानिकाने ताबा घेऊन स्वतः गो-अराउंड केले नाही.

या दुसऱ्या भागाकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे, कारण उद्या तुमच्यातला प्रत्येक जण आधी सहवैमानिकच होणार आहे. लहानपणापासून आपल्याला मोठ्यांसमोर उलट बोलू नये हेच शिकवलेले असते, आणि शाळेत, घरी, ग्राउंड स्कूलमध्ये ते योग्यही असते. पण वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ज्यांना ‘सर’ म्हणते, ज्यांच्या हजारो तासांचा तिला मनापासून आदर आहे, त्यांच्या हातातून धावपट्टीपासून दोनशे फुटांवर नियंत्रण घेणे ही गोष्ट केवळ नियम वाचून साधत नाही. तिचा तोंडाने आणि हाताने सराव करावा लागतो. हे धैर्य ऐन वेळी आपोआप येईल असे गृहीत धरू नका.

सराव असा करावा. दोन खुर्च्या शेजारी ठेवाव्यात, समोर भिंतीवर कॉकपिटचे पोस्टर लावावे, आणि डाव्या खुर्चीत गटातला वयाने किंवा तासांनी सर्वांत मोठा सदस्य बसवावा. तिसऱ्याने परिस्थिती मोठ्याने वाचावी : उंची 500 फूट, वेग ठरलेल्यापेक्षा 15 नॉट्स (ताशी सागरी मैल) जास्त, उतरण्याचा दर मिनिटाला 1,300 फूट. उजव्या खुर्चीतल्याने पहिल्यांदा वस्तुस्थिती सांगायची, दुसऱ्यांदा धोका स्पष्ट करायचा, तिसऱ्यांदा ‘गो-अराउंड’ एवढेच ठामपणे म्हणायचे, आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून हात पुढे न्यायचा. धावपट्टी जवळ असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांना वेळ नसतो. तिसरीपासूनच सुरुवात करावी लागते. डाव्या खुर्चीतल्याने कधी गप्प राहायचे, कधी ‘बघतो, बघतो’ म्हणायचे, कधी रागवायचे. सुरुवातीला बहुतेक जण ‘सर, थोडं हाय वाटतंय का?’ असे प्रश्नार्थक, मवाळ बोलतात. गटाने त्यांना तिथेच थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावावे, कारण प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देता येते, पण ‘वेग पंधराने जास्त आहे’ या विधानाला तसे उत्तर देता येत नाही. डाव्या खुर्चीतला सरावही तितकाच मोलाचा आहे. गो-अराउंड हा शब्द कानावर पडताच, आपले मत काहीही असो, आधी पॉवर देऊन वर जायचे आणि चर्चा नंतर जमिनीवर करायची, ही सवय भावी कॅप्टनला आत्तापासून लागली पाहिजे.

अपघातांचे अहवाल वाचताना एक पथ्य पाळा. अंतिम अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत त्या अपघाताच्या कारणांवर बैठकीत चर्चा करू नका, मग दूरचित्रवाणीवर कितीही तज्ज्ञ काहीही सांगत असोत. अपुऱ्या माहितीवर तर्क लढवण्याची सवय वैमानिकाला हवेत महागात पडते, शिवाय गेलेल्या सहकाऱ्यांवर त्यात अन्याय होतो. अपघात तपास विभागाचे अंतिम अहवाल सर्वांना वाचता येतात. ते मुळातून वाचावेत, वर्तमानपत्रातला सारांश पुरेसा समजू नये. वाचताना शेवटचे कारण आधी पाहू नये. घटनाक्रम वाचत जावे आणि दर पानानंतर थांबून ‘या क्षणी मी काय केले असते’ हे प्रत्येकाने लिहून ठेवावे.

आकडेमोडीलाही बैठकीत जागा असावी, पण ती स्वतःच्या विमानाच्या हँडबुकवरून आणि स्वतःच्या धावपट्टीसाठी. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फूट उंचीवरची धावपट्टी आणि एप्रिलमधले 40 अंश तापमान घ्या. त्या उंचीवर प्रमाण तापमान 11 अंश असते, म्हणजे फरक 29 अंशांचा. तापलेली हवा विरळ असते, म्हणून प्रत्येक अंशाला साधारण 120 फूट उंची वाढली असे धरले तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळजवळ 5,500 फुटांवर आहे. आता सकाळी सातचे 22 अंश घेऊन तोच हिशेब करा आणि दोन्ही वेळी टेक-ऑफला किती धाव लागेल व पहिल्या मिनिटात किती उंची मिळेल ते तक्त्यातून काढा. असाच दुसरा हिशेब वळणाचा. सेस्ना 172 एसच्या हँडबुकात फ्लॅपविना (पंखांच्या मागच्या झडपा न उघडता) सरळ उड्डाणातला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग 48 नॉट्स दिलेला आहे. 45 अंशांच्या बँकमध्ये (विमानाच्या कलात) तो 57 आणि 60 अंशांत 68 नॉट्स होतो. बेसवरून (धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून) फायनलकडे वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की वळण घट्ट करून ती पकडण्याचा मोह होतो, आणि तिथे उंची इतकी कमी असते की स्टॉलमधून सावरायला जागाच नसते. हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढले की तो मोह होण्यापूर्वीच गो-अराउंडचा विचार मनात येतो.

हवामानासाठी तुम्हाला घराबाहेर पडण्याचीही गरज नाही. शनिवारी रात्री प्रत्येकाने मुंबईचे मेटार (प्रत्यक्ष हवामानाची नोंद) आणि टॅफ (हवामानाचा अंदाज) पाहून रविवारी सकाळी अकराची दृश्यमानता, वाऱ्याची दिशा आणि ढगांचा तळ लिहून ठेवावा, आणि बैठकीत प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. हिवाळ्यात पारसिकचा डोंगर खिडकीतून दिसेनासा होतो त्या सकाळी मेटारमध्ये दृश्यमानता किती दिली आहे, दुपारी खाडीवरून येणारा वारा साधारण किती वाजता दिशा बदलतो, जुलैमध्ये मलंगगडाच्या कोणत्या उंचीवर ढग टेकतात, हे वर्षभर नोंदवत गेल्यास आकडा आणि आकाश यांची जी सांगड मनात बसते ती कोणत्याही पुस्तकातून बसत नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत, त्यामुळे हेच आकाश उद्या तुमच्यापैकी अनेकांचे कामाचे ठिकाण असेल. पक्ष्यांचा विषयही इथे घरचाच आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरजवळ मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. विमान सुखरूप उतरले, पण ठाणे खाडीतल्या थव्यांच्या हालचालींच्या वेळा आणि ऋतू जाणून घेणे हा वैमानिकाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

घरच्या संगणकावरचे सिम्युलेटर कार्यपद्धती आणि उपकरणांवरून उड्डाण करण्याच्या सरावासाठी उपयोगी आहे. फ्लेअरची, म्हणजे चाके टेकण्याआधी विमानाचे नाक हलकेच उचलण्याची, जाण त्यातून येत नाही, आणि बाहेर न पाहता सतत आत पाहण्याची वाईट सवय मात्र त्यातून लागू शकते. चेकलिस्ट आणि इमर्जन्सी ड्रिल पोस्टरसमोर बसून हाताने करणे मला त्याहून चांगले वाटते.

गटात एखादे अनुभवी कॅप्टन किंवा इन्स्ट्रक्टर येत असतील तर त्यांना आदराने विनंती करा की त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे. ते आधी बोलले की बाकीचे विचार करणे थांबवतात. आणि गटात जे ठरेल ते आपल्या संस्थेच्या कार्यपद्धतीपेक्षा वेगळे असेल तर स्वतःहून हवेत करून पाहू नये. आधी आपल्या इन्स्ट्रक्टरला विचारावे.

नोकरीची वाट पाहणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. उड्डाण थांबले की हाताचे कौशल्य हळूहळू उतरते, आणि आत्मविश्वास मात्र तसाच राहतो. गटात चर्चा छान होते म्हणून हातही तयार आहेत असे समजू नका. मोठ्या खंडानंतर पुन्हा विमानात बसाल तेव्हा आधी इन्स्ट्रक्टरबरोबर ड्युअल उड्डाण करा, आणि त्या दिवशी स्टॉल, क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातले उतरणे) आणि फोर्स्ड लँडिंग (इंजिन बंद पडल्यावर उतरणे) यांचा सराव मागून घ्या. ही प्रतीक्षा मनाला किती जाचते हे मी जवळून पाहिले आहे. या काळात एकमेकांना धरून राहणे हेदेखील तुमच्या रविवारच्या बैठकीचे मोठे काम आहे.

पहिल्या बैठकीसाठी कोझिकोडचा अहवाल निवडा. त्या रात्रीचा पहिला अप्रोच सोडून देण्यापासून चाके टेकेपर्यंतचा भाग दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचावा, इतरांनी दर टप्प्यावर आपला निर्णय कागदावर लिहावा, आणि वाचन संपल्यावर दोन खुर्च्या मांडून प्रत्येकाने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बसावे. तीन तास सहज लागतील, म्हणून त्या दिवशी दुसरा विषय घेऊ नका.